डब्याच्या पिशवीतला रेग्युलेटर

बाबा कंजूष नव्हते. कंजूष माणूस चारचौघांत निदान लाजतो तरी. बाबांना गॅस वाचवण्याचा अभिमान होता, आणि अभिमान असलेल्या माणसाशी तुम्ही भांडू शकत नाही, तो तुमच्यावर उपकार करत असतो.

नागपूरच्या नंदनवन वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं, वर उघडी स्लॅब. बाबा महालातल्या एका ऑफिसात कारकून. घरात माणसं तीन: बाबा, आई आणि मी. ऐंशीनंतरची ही गोष्ट, मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन घरी बसले होते. गॅस येऊन दोनेक वर्षं झाली होती. त्याआधी आईनं पंप मारायचा स्टोव्ह वापरला, त्याआधी कोळशाची शेगडी, आणि काटोलकडच्या तिच्या माहेरी तर चूलच. गॅस आला त्या दिवशी तिनं त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि पहिला चहा केला. तिचा चहा उकळत होता तेवढ्यात बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल काढला. सिलिंडर कधी लावला, कधी संपला, हे त्यानंतर आमच्या घरात सणवारासारखं पाहिलं जाऊ लागलं.

विजेचंही तसंच. संध्याकाळी बाबा मीटरखाली उभे राहून आतली चकती फिरताना पाहायचे. जोरात फिरली की तिथूनच विचारायचे, "कोणं काय लावलं?" आम्ही सांगायचो. मधल्या दारात झिरोचा दिवा, स्वयंपाकघरात चाळीसचा, आणि पंखा उन्हाळ्यात दुपारी एक ते तीन. तीन वाजता ज्याचा हात जवळ असेल त्यानं बटण बंद करायचं. कुलर शेजारीपाजारी सगळ्यांकडे आले, आमच्याकडे नाही. बाबा म्हणायचे, "वाळ्याचे पडदे लावा, पाणी मारा, कुलर म्हणजे दुसरं काय असते?" पडदे लावले. पाणी आईनं मारलं.

आता खरं सांगायचं तर बाबांचं बरंचसं बरोबर होतं. डाळ भिजवून लावा, भांड्यावर झाकण ठेवा, कुकरची शिट्टी झाली की ज्योत बारीक करा, आंघोळीचं पाणी तापवायची गरज नाही कारण नागपूरच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणीच अंग भाजतं. आज मी माझ्या घरी हे सगळं करते. मुकाट्यानं करते, आणि दरवेळी माझा जीव जळतो.

मार्चमध्ये बाबांनी सूर्यकुकर आणला. सवलतीत मिळाला होता. पत्र्याची पेटी, आत काळा रंग, वर दुहेरी काच, झाकणाला आतून आरसा आणि काळे चार डबे. डब्यांत डाळ, तांदूळ, भाजी घालून पेटी स्लॅबवर ठेवायची. आरशातलं ऊन नेमकं काचेवर पडलं पाहिजे, म्हणून सूर्य सरकला की पेटी सरकवायची. दर अर्ध्या तासाला. सकाळी साडेनऊला लावलं की साडेबारापर्यंत वरण-भात, पुन्हा एकला लावलं की चारपर्यंत रात्रीचं.

"सूर्य काही बिल पाठवते का?" बाबा म्हणाले. पेटी सरकवणारी बाईही बिल पाठवत नव्हती.

पेटीत पोळ्या होत नाहीत. म्हणून नियम असा ठरला की सकाळी सात ते नऊ गॅस, तेवढ्यात दोन्ही वेळच्या पोळ्या, बाबांचा डबा, सकाळचा चहा. नऊनंतर गॅस बंद. एका रविवारी बाबांनी ऑफिसातल्या दोघा मित्रांना पेटी दाखवायला घरी आणलं. आई तिसऱ्यांदा स्लॅबवरून उतरून आली होती, तोंड लालबुंद, डोक्यावर ओला पंचा. एक जण म्हणाला, "वहिनी, तुमची तर मज्जा आहे बापा. गॅसपाशी उभंच राहा लागत नाही." आई म्हणाली, "हो ना भाऊजी." आणि चौथ्यांदा वर गेली, कारण अर्धा तास झाला होता.

या सगळ्यात मी कुठं होते, ते सांगते. मी बाबांच्या बाजूला होते. जुलैत मला बर्डीच्या कॉलेजात जायचं होतं आणि मला सायकल पाहिजे होती. लेडीज सायकल, पुढं जाळीची टोपली असलेली. बाबा म्हणाले होते, "हा सिलिंडर जूनच्या शेवटापर्यंत चालव, तुले सायकल घेऊन देतो." चालव म्हणजे मी लक्ष ठेवायचं. गॅस मी लावत नव्हते, स्वयंपाक मी करत नव्हते. आई करायची, मी पाहायची. बाबांना माहीत होतं की मी खोटं बोलत नाही. ते लोकांना कौतुकानं सांगायचे, "माही पोरगी एक शब्द खोटा सांगत नाही." मला ते ऐकायला फार आवडायचं.

आईला मात्र दुपारी तीनचा चहा लागायचा. दुसरं काही तिनं कधी मागितलं नाही. साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही, सिनेमाला चला असं म्हटलेलं मला आठवत नाही. भांडी आटोपून ती तीनच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची, पाठ चौकटीला टेकून, हातात स्टीलचा पेला. कपबशी पाहुण्यांना. चहा दाट, गोड, आलं ठेचून टाकलेलं. त्या दहा मिनिटांत तिच्याशी बोललेलं तिला चालत नसे. मी लहानपणी एकदा मध्येच काहीतरी विचारलं तर म्हणाली होती, "थांब वं जरा, मले माहेरी जाऊन येऊ दे." एवढंच तिचं माहेर उरलं होतं, आई-वडील केव्हाच गेले होते.

नऊनंतर गॅस बंदचा नियम झाला आणि ती चोरून चहा करू लागली. मला लगेच कळलं नाही. एका दुपारी पंख्याखाली पडले होते, आल्याचा वास आला. उठून गेले तर आई शेगडीपाशी उभी, ज्योत अगदी बारीक. मला पाहून दचकली, मग हसली. पेल्यातला अर्धा चहा वाटीत ओतून मला दिला.

"घे. बाबाले नको सांगू."

मी तो चहा पिऊन टाकला. छान झाला होता. संध्याकाळी बाबा चपला काढत होते तेव्हाच मी त्यांना सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं, मारलं नव्हतं, शपथ घातली नव्हती. मला सायकल पाहिजे होती आणि मी खोटं बोलत नव्हते, दोन्ही कामं एकदम झाली.

बाबा ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. ओरडले असते तर आईनंही दोन शब्द सुनावले असते आणि मोकळं झालं असतं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्यांनी सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, सिलिंडरच्या तोंडावर झाकण बसवलं, रेग्युलेटर पेपरात गुंडाळला आणि डब्याच्या पिशवीत पोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवला. पिशवी खांद्याला लावून म्हणाले, "संध्याकाळी आणतो."

आई त्या नागड्या रबरी नळीकडं पाहत राहिली. "आन् कोणी आलं-गेलं तर?"

"पेटी आहे ना वरतं."

"पेटीत चहा होते का?"

"दुपारच्या उन्हात चहा काहून पायजे कोणाले? थंड पाणी प्या."

त्या दिवसापासून आमच्या घरचा रेग्युलेटर रोज सिटीबसनं महालात जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. आज कोणाला सांगितलं तर हसतात. मीही हसत सांगते.

आमच्या शेजारच्या घरात एक काकू राहायच्या. दोन्ही घरांच्या स्लॅबमध्ये कमरेइतकी भिंत. काकू कुरड्या-पापड वाळत घालायला वर यायच्या आणि आई पेटी सरकवायला, तसं त्यांचं बोलणं व्हायचं. काकूंना काही सांगावं लागलं नाही. तीन वाजता ही बाई सावलीच्या पायरीवर रिकामीच बसते, एवढं त्यांनी पाहिलं आणि एक दिवस म्हणाल्या, "ताई, या, चहा ठेवून राहिली."

आई गेली. मग रोज जाऊ लागली. दहा मिनिटांत परत यायची, तोंडावर जरा तकाकी असायची. पाच दिवस गेली. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी बाबांना सांगितलं.

याला मात्र काही कारण नव्हतं. दुसऱ्याच्या गॅसवर केलेल्या चहानं आमचा सिलिंडर संपत नव्हता, माझ्या सायकलीचं काही बिघडत नव्हतं. मी का सांगितलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. सांगितल्यावर बाबा माझ्याकडं ज्या नजरेनं पाहायचे ती नजर मला हवी होती, याच्यापलीकडं मला काही सापडलं नाही. दुष्टपणाला नेहमी मोठं कारण लागतं असं नाही.

बाबांनी शर्ट घातला, बटणं लावली, केसांवर हात फिरवला आणि काकूंच्या दारात गेले. मी आमच्या दारातून पाहत होते. ते फार अदबीनं बोलले.

"आमच्या घरच्यायनं तुमच्याकडं पाच वेळा चहा घेतला. चार आण्याच्या हिशोबानं हा सव्वा रुपया."

काकू म्हणाल्या, "भाऊजी, चहाचे पैसे घेते का कोणी?"

"काहून नाही? तुमचा गॅस फुकट येते का?"

त्यांनी पाच नाणी एकाशेजारी एक खिडकीच्या कठड्यावर मांडली आणि परत आले. गल्लीतल्या दोन बाया दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. आमच्या घरात आई दाराआड उभी होती, तिनंही ऐकलं. मला वाटलं ती रडेल. ती आत गेली, आपला स्टीलचा पेला राखेनं घासला, पुसला आणि सगळ्यात वरच्या फळीवर पालथा घातला. संध्याकाळच्या पोळ्यांना तूप लावायचं विसरली, बस.

पण सवय ही सवय असते. मेच्या शेवटी नवतपा लागला. त्या नऊ दिवसांत नागपुरात कोणी हौसेनं उन्हात जात नाही, गेलंच तर खिशात कांदा आणि डोक्याला फडकं बांधून. आईच्या मनात आलं की पेटीत चहाही होईल. रात्रीच्या वरणाशेजारी सगळ्यात छोट्या काळ्या डब्यात ती एक वाजता पाणी, साखर, चहापत्ती आणि ठेचलेलं आलं घालून ठेवू लागली. दोन तासांत उकळी नाही आली तरी कढत व्हायचं. वरून दूध. मी चव घेतली होती, औषधाच्या काढ्यासारखी लागायची. आई मात्र पेला फळीवरून काढून उंबऱ्यावर बसायची. त्या चहासाठी पेटी अर्ध्या तासाला नाही, वीस मिनिटांनी सरकवावी लागायची. चहा उकळावा म्हणून ती मध्येमध्ये आरसा हातानं धरून उभी राहायची.

हे मी बाबांना सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही नव्हतं. तिनं नियम पाळला होता.

त्या दिवशी मी जेवून ओल्या फरशीवर पंख्याखाली झोपले होते. वरती काहीतरी पडल्याचा आवाज झाला, पत्र्याचा, आणि त्यामागून एक जड आवाज. मी डोळे उघडून घड्याळात पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं. पंख्याची अजून चाळीस मिनिटं होती. डबा पडला असेल, म्हटलं. जड आवाज डब्याचा नाही, हे मला त्याच क्षणी समजलं होतं. मी कूस बदलली.

किती वेळ गेला माहीत नाही. काकूंचा आवाज आला. "अवं पोरी, तुही माय पडली वं वरतं."

आई पेटीशेजारी पडली होती, एक गाल स्लॅबला टेकलेला. आरशातलं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. छोटा डबा उपडा झाला होता आणि स्लॅबवर चहापत्ती केव्हाच वाळून गेली होती. अंगाला हात लावला तर घाम नव्हता, तव्यासारखं कोरडं अंग. गालाची कातडी स्लॅबला चिकटून सोलली होती. ती पुटपुटत होती, "तीन वाजले का? तीन वाजले का वं?"

काकूंनी आणि मी तिला चादरीत घालून जिन्यानं खाली आणलं, पंख्याखाली ठेवलं. काकू ओली फडकी अंगावर टाकू लागल्या, कांदा किसून तळपायांना चोळू लागल्या. घड्याळात तीन वाजले. मी उठले आणि पंखा बंद केला.

देवाशप्पथ सांगते, मी विचार करून बंद केला नाही. हात गेला. काकूंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्यांनी उठून बटण चालू केलं आणि मग म्हणाल्या, "जाय, बापाले घेऊन ये. जाताना डॉक्टरले सांगत जाय."

डॉक्टरांना सांगून मी सायकलरिक्षा केली. ऑफिसात शिरले तर वर चार पंखे गरगर फिरत होते आणि चहाची वेळ होती. प्रत्येक टेबलावर कप. बाबांच्या खुर्चीच्या पाठीला डब्याची पिशवी लटकत होती, खाली रेग्युलेटरच्या वजनानं ताणलेली, आणि बाबा बशीत ओतून चहा पीत होते. फुर्रकन. आल्याचा वास येत होता.

घरी पेटी पाहायला आलेल्या दोघांपैकी एक जण मला ओळखून म्हणाला, "या या, सायकलवाली आली. चहा घेता का?" म्हणजे इथं सगळ्यांना माझी सायकल माहीत होती, आणि दुपारचा चहा बाबा रोज पीत होते, वर्षानुवर्षं.

"आईला ऊन लागलं. पडली ती स्लॅबवर," मी म्हटलं.

बाबांचा चेहरा उतरला. खोटं सांगणार नाही, उतरला. पण बशीत चहा होता, आणि तो त्यांनी आधी संपवला. टाकून कसा द्यायचा? मग पिशवी घेतली आणि निघाले.

रिक्षात ते पिशवी मांडीवर धरून बसले. ग्रेट नाग रोडवर आल्यावर म्हणाले, "पेटी उन्हातच आहे का?"

"हो."

"काच तडकते अशानं."

घरी डॉक्टर येऊन गेले होते. खिडकीच्या गजाला सलाईनची बाटली बांधली होती. आई डोळे मिटून पडली होती आणि काकू तिला चमच्यानं पन्हं पाजत होत्या. कैऱ्या त्यांच्या, साखर त्यांची, गॅस त्यांचा, कारण आमचा रेग्युलेटर आता कुठं दारातून आत येत होता. बाबांना पाहून त्यांनी वाटी खाली ठेवली.

"याचे किती देता, भाऊजी?"

बाबांचा हात खिशात गेला. खरंच गेला. आत नाणी वाजलेली आम्ही दोघींनी ऐकली. काकू उठल्या, पदर खोचला आणि निघून गेल्या. बाबा घरात असताना त्या आमच्याकडं पुन्हा कधी आल्या नाहीत.

आई अकरा दिवस अंथरुणात होती. उठली, पण ऊन तिला जन्मभर सोसलं नाही. मार्च लागला की डोकं धरून बसायची, बोलता बोलता शब्द हरवायचे, गालावर एक काळा डाग राहिला तो राहिलाच. बाबांनी रेग्युलेटर पुन्हा ऑफिसात नेला नाही. माफी मात्र मागितली नाही. पेटी स्लॅबच्या कोपऱ्यात गेली, मग तिच्यात जुने पेपर ठेवू लागलो. आई जेमतेम उठून बसू लागली होती तेव्हा एका दुपारी मी तीन वाजता आलं टाकून चहा केला आणि पेला तिच्यासमोर नेऊन ठेवला.

ती म्हणाली, "मले नको. तू पी, तुले आवडते."

सिलिंडर जूनच्या शेवटापर्यंत चालला. कसा चालणार नाही, अकरा दिवस घरात धड स्वयंपाकच झाला नव्हता. बाबा शब्दाचे पक्के. जुलैत सायकल आली, पुढं जाळीची टोपली. आईनं तिला कुंकू लावलं, हँडलला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ फोडला, नव्या गाडीला करतात तसं सगळं यथासांग. मी पायडलवर पाय ठेवला तेव्हा टोपली नीट करत हळूच म्हणाली, "जपून चालव. माह्या चहाची आहे."

मी ती सायकल चार वर्षं चालवली. खोटं कशाला सांगू, मला मजा यायची. नंदनवनातून निघून सकाळच्या गार हवेत बर्डीकडं जाताना मला आईची आठवण होत नसे.

लग्न होऊन मी वर्ध्याला गेले. बाबा रिटायर झाले, आणि वर्षभरातच त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण कळायचं. दशक सरता सरता एका उन्हाळ्यात मी चार दिवस माहेरी आले. समोरच्या खोलीत बाबांची खाट, खाटेवरून त्यांना मीटर दिसेल अशी. तोंड त्याच बाजूला करून पडलेले असायचे. आईच त्यांचं सगळं करत होती, अंग पुसणं, भरवणं, कपडे बदलणं. गल्लीत तिचं नाव निघायचं, नवऱ्याची सेवा करावी तर अशी.

पहिल्याच दुपारी, तीनला थोडा वेळ होता, बाबा म्हणाले, "चहा."

आई आतूनच म्हणाली, "गॅस संपला. नंबर लावला आहे."

मी चकित झाले, कारण दोन तासांपूर्वी तिनं त्याच गॅसवर भाकरी केल्या होत्या. आत गेले तर शेगडी बारीक ज्योतीवर जळत होती आणि पातेल्यात चहा उकळत होता, दाट, आलं टाकलेला. आईनं गॅस बंद केला. रेग्युलेटर काढला, तोंडावर झाकण बसवलं. खिळ्याला बाबांची ती जुनी डब्याची पिशवी लटकत होती, त्यात रेग्युलेटर टाकला. हात इतका सवयीचा होता की हे आजचं नाही, रोजचं आहे, ते मला कळलं. मग वरच्या फळीवरून स्टीलचा पेला काढला, उंबऱ्यावर बसली, पाठ चौकटीला टेकली.

"आई, त्यांना थोडा दे ना," मी हळू आवाजात म्हटलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. पेल्यातला अर्धा चहा वाटीत ओतला आणि वाटी माझ्यापुढं सरकवली.

"घे. बाबाले नको सांगू."

मी घेतला. तिच्यासमोर बसून प्यायले.

वाटी ठेवून बाहेर आले तेव्हा बाबा दाराकडं तोंड करून पडले होते, पहिल्यांदाच मीटरकडं पाठ करून. नाकानं हवा ओढत होते.

"आल्याचा वास येऊन राहिला," ते म्हणाले. जीभ जड होती, एकेक शब्द लावून बोलत होते. "तुही माय... खोटं बोलते. रोज म्हणते गॅस संपला. तू पाहून आली. तू सांग. संपला का?"

आत उंबऱ्यावर आईच्या पेल्याचा आवाज थांबला होता. तीही ऐकत होती.

"हो बाबा," मी म्हटलं, "संपला. वास काकूंकडून येतो आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. त्यांना पटलं. मी त्यांना तोवर एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.